फोरमन आणि आमची न घेतलेली गाडी

प्रिय सई आणि नील,

गेल्या रविवारी सईने फोनवर विचारलं, "आजी, मी पहिली गाडी घेते आहे. इलेक्ट्रिक घेऊ की पेट्रोल?" मी म्हटलं, विचार करून सांगते. तुला वाटलं असेल, आजीला यातलं काय कळणार म्हणून तिने टाळलं. तसं नाही. चार वर्षांपूर्वी मी नागपुरातल्या सगळ्या शोरूममधून माहितीपत्रकं आणली होती, मोठ्या कागदावर रकाने आखले होते आणि पेट्रोल, सीएनजी, बॅटरी असा तक्ता केला होता. तो तक्ता कुणी पाहिला नाही. सगळे फोरमनला विचारत होते.

तुझा फोन आला त्याच आठवड्यात बंगळुरूहूनही फोन आला, की फोरमन गेले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला देता येणार नाही, म्हणून आज बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना वाचायला सोपं गेलं असतं. पण हा माणूस इंग्रजीत उतरत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. तिथे तो फार शहाणा दिसायला लागतो.

फोरमन आमच्या रामदासपेठेतल्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. त्यांच्या मुलाने तो फ्लॅट घेतला आणि वडिलांना तिथे ठेवून तो बंगळुरूला नोकरीला गेला. त्यांची बायको आधीच वारली होती. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी विजेच्या कामावर काढली आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. नाव आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण हाक कुणी नावाने मारत नसे. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर असायचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडल्यापासून बडीशेप खायचे, आणि समोरच्याने नको म्हटलं तरी त्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवायचे.

त्यांचा आवाज फार मोठा होता. वर्षानुवर्षं यंत्रांच्या घरघरीत बोलून तो तसा झाला होता. खाली ते कुणाला "चहा घेता का" म्हणाले की दुसऱ्या मजल्यावर मला वाटायचं, आपल्यालाच विचारलं. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मला ते असभ्य वाटे.

या माणसाने जन्मात गाडी घेतली नव्हती. कामावर कंपनीच्या बसने जात आणि बाकी सगळीकडे सायकलने. तरीही आमच्या आणि आजूबाजूच्या इमारतींत कुणीही गाडी घ्यायची म्हटलं की आधी फोरमनच्या दारात जाई. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, माझ्या हाताखालून निम्मी रामदासपेठ गेली, पण गाडीबद्दल सोडा, मिक्सरबद्दलसुद्धा मला कुणी विचारलं नाही. मत्सर हा शब्द मी फळ्यावर अनेकदा लिहिला आहे, त्याचे तिन्ही इंग्रजी प्रतिशब्द आणि त्यांतला फरकही सांगितला आहे. तो फरक मला फोरमन आल्यावर कळला.

त्यांची पद्धत अशी. कुणी आलं की पहिला प्रश्न: "गाडी काहून पाहिजे, थे सांगा पहिले. कोनती, थे मंग पाहू." वरच्या मजल्यावर इतवारीतले एक कापडवाले शेठ राहतात. ते एकदा सकाळीच खाली गेले. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"फोरमनजी, बॅटरीवाली घेऊन राहिलो मी."

"काहून?"

"पर्यावरण. प्रदूषण किती वाढून राहिलं."

"अजून?"

"आमच्या जिजाजीनं घेतली. हिरवी नंबर प्लेट. सगळा मोहल्ला पाहून राहिला त्याले."

"दिवसाचे किती चालवता?"

"घर ते दुकान. दुकान ते घर."

"मंग घ्या न, चांगली हाये तुमच्यासाठी. पन फक्त जिजाजीच्या दारात उभी कराले घेत असाल तं दोन दिवस भाड्यानं आना. काम होऊन जाईन."

शेठ स्वतःच इतके हसले की त्यांना जिन्यात बसावं लागलं. त्यांनी गाडी घेतली, आणि पहिल्यांदा खरंच जिजाजींच्या दारात नेऊन उभी केली.

धंतोलीत दवाखाना असलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना इलेक्ट्रिक घ्यायची होती, पण पावसात चार्जिंगला लावली आणि शॉक बसला तर, ही भीती. फोरमन म्हणाले, "तुमच्या बाथरूमात गिझर हाये न?"

"आहे."

"कोनत्या कंपनीचा?"

"आता ते कुठे लक्षात आहे."

"ज्याची कंपनी माहीत नाही त्याच्याखाली रोज आंघोळ करता, अन् गाडीले भेता."

शोरूममध्ये ते बरोबर जात, पण गाडीकडे बघत नसत. सरळ मागे सर्व्हिसिंगच्या शेडमध्ये जाऊन तिथल्या मेकॅनिकांशी अर्धा तास गप्पा मारत आणि मग हात पुसत परत येत. एका ठिकाणी टाय लावलेल्या सेल्समनने इलेक्ट्रिक गाडीचे गुण सांगितले. फोरमनने सगळं ऐकून घेतलं. "तू सोता काय चालवतो गा?"

"सर, मी बाइक. पेट्रोलची."

"मंग मले बॅटरी काहून इकून राहिला?"

तो मुलगा इकडेतिकडे बघून म्हणाला, "सर, या महिन्यात बॅटरीच्या जास्त विकायला सांगितल्या आहेत."

फोरमन गाडी घ्यायला आलेल्या आमच्या शेजाऱ्यांकडे वळले. "हा खरं बोलते. घेतली तं याच्याकडूनच घ्या."

आणखी एक नियम होता. घरातली न्यायला सगळ्यात अवघड वस्तू शोरूममध्ये घेऊन जायची. आमच्या समोरच्या इमारतीतले प्राध्यापक सीएनजीची गाडी घ्यायला निघाले होते, खर्च कमी म्हणून. फोरमनने त्यांना आईची चाकांची खुर्ची न्यायला लावली. डिकीत अर्ध्या जागेत सिलिंडर. खुर्ची आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली, बसली नाही. "ज्याच्यासाठी घेता तिचीच खुर्ची बाहेर राह्यली," फोरमन म्हणाले. प्राध्यापकांनी दुसरी गाडी घेतली आणि त्यांच्या आई दर शनिवारी तेलंगखेडीच्या मारुतीला जायला लागल्या. मला खुर्चीचं सुचलं नव्हतं. माझ्या तक्त्यात डिकीचं माप लिटरमध्ये होतं.

आणि मग वही. हे त्यांचं मुख्य शस्त्र. सध्या जी गाडी असेल तिच्या तीस दिवसांच्या सगळ्या फेऱ्या वहीत लिहायच्या. कुठे गेलो, किती किलोमीटर, कोण बसलं होतं. तीस दिवसांनी फोरमन वही वाचून पाच मिनिटांत सांगत, कोणती घ्या. महिन्यात दोनदा गाडी एका चार्जिंगच्या बाहेर जात असेल तर बॅटरीची नको, असा त्यांचा साधा हिशेब. लोक शोरूममध्ये बसून तासन् तास वाद घालत, "नागपूरच्या उन्हात बॅटरी टिकेल का," "वाटेत संपली तर," "वर्ध्याला जाऊन परत येईल का." फोरमन विचारत, "वर्ध्याले शेवटचे कधी गेल्ते?" बहुतेकांना आठवत नसे.

आता आजोबांकडे येते.

तुमच्या आजोबांचा धंतोलीत कान-नाक-घशाचा दवाखाना होता हे तुम्हाला माहीत आहे. तो त्यांनी अचानक बंद केला. दमलो म्हणाले. त्यानंतर ते घरात बोलेनासे झाले. मी काही सांगितलं की "हं." पुन्हा सांगितलं की "हं, हं." आमच्या जुन्या गाडीतून बाहेर निघालो की मी शेजारी बसून बोलत राहायची आणि ते समोर बघत चालवत राहायचे. मी बोलणं कमी केलं. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या संसारात माणूस बायकोला कंटाळतो, ते वाचलेलं खरं असावं.

आणि रोज संध्याकाळी पाच वाजता ते खाली जात. पार्किंगमध्ये आमची जुनी गाडी उभी असे. तिच्या काचा खाली करून पुढच्या दोन सीटवर आजोबा आणि फोरमन बसत. गाडी सुरू करत नसत. कुठे जात नसत. दीड तास नुसतं बसायचं. मला वरून दोन डोकी दिसत, एक टक्कल आणि एक पांढरं, आणि आजोबांचं हसणं ऐकू येई. ते हसणं मी घरात तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. मी चहा खाली पाठवत नसे. फोरमन स्वतःच्या घरून थर्मास आणत. पुढे पुढे आजोबांना घरचा चहा आवडेनासा झाला. म्हणायचे, "फोरमन आलं जरा ठेचून घालतो." मी आलं किसते. मी तेव्हापासून ठेचायला लागले आणि त्यांना ते कळलंही नाही.

जुनी गाडी म्हातारी झाली. नवी घ्यायची ठरलं. मी तक्ता काढून टेबलावर ठेवला. आजोबा म्हणाले, "छान केला आहेस," आणि त्याच्यावर चष्मा ठेवून खाली गेले. दुसऱ्या दिवशी वही सुरू झाली. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. वही गाडीच्या कप्प्यात असे.

दहाव्या-बाराव्या दिवशी आम्ही एका इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. आजोबा चालवायला, फोरमन पुढे, मी मागे. सेल्समनला फोरमनने खालीच ठेवलं. म्हणाले, "तू बोलशीन, मंग गाडी काय बोलते थे ऐकू नाही येनार." लॉ कॉलेज चौकातून अंबाझरीकडे गेलो. गाडीला आवाजच नव्हता. फोरमन काहीतरी सांगत होते आणि आजोबा हसत होते, एका हाताने चाक धरून, कॉलेजातल्या मुलासारखे. मध्येच ते म्हणाले, "किती शांत आहे, नाही?" मी मागून म्हटलं, "स्मशानासारखी." ते मोठ्याने हसले. मला वाटलं, फोरमनच्याच कुठल्या तरी बोलण्याला हसले.

घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "हीच घेऊ."

कित्येक महिन्यांत त्यांनी कशाची इच्छा बोलून दाखवली नव्हती. मी जवळ जाऊन विचारलं, "का पण? तुम्हाला काय आवडलं तिच्यात?"

त्यांनी चष्मा पुसला. "फोरमन म्हणतो, चांगली आहे."

एवढंच. त्यांनी "मला आवडली" म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पैसे भरले असते. पण माझ्या घरातली गाडी तळमजल्यावरचा माणूस ठरवणार, आणि मी मागच्या सीटवर बसून ते दोघे हसताना बघणार, हे मला सहन झालं नाही. त्या दुपारी मी खाली गाडीत जाऊन वही उघडली आणि लिहिलं: "यवतमाळ, ताईकडे, जाऊन येऊन, एकाच दिवसात." आम्ही यवतमाळला गेलो नव्हतो. चार दिवसांनी "अमरावती, लग्न, जाऊन येऊन." पुढच्या आठवड्यात परत यवतमाळ. तीनदा लिहिलं, कारण दोनदाचा नियम होता आणि मला शंकेला जागा ठेवायची नव्हती. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. आजोबा वही बघत नसत. मी लिहिते म्हटल्यावर ते बघायची गरज नव्हती.

तीस दिवस झाले. फोरमन आमच्या बैठकीत येऊन बसले. त्यांनी बोट ठेवत ठेवत वही वाचली. यवतमाळपाशी बोट थांबलं. अमरावतीपाशी थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. वही मिटली.

"वहीच्या हिशेबानं पेट्रोलच घ्या, डॉक्टरसाहेब."

आजोबांनी मिटलेली वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बरं. पेट्रोल."

त्या क्षणी मी जिंकले होते. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला छान झोप लागली.

पेट्रोलची गाडी आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. फोरमनने बोनेटवर हात ठेवून "दनकट हाये" म्हटलं आणि सगळ्यांना बडीशेप वाटली. मला वाटलं होतं, त्यांचा शब्द एकदा फिरला की त्यांचं आणि आजोबांचं सूतही सैल होईल. तसं काही झालं नाही. आता ते नव्या गाडीत बसायला लागले. काचा खाली, इंजिन बंद, दीड तास. आणि नव्या गाडीतून बाहेर निघालो की माझ्या वाट्याला तेच "हं."

दोन-तीन महिने मी ते सोसलं. मग एका रविवारी सकाळी भाजी घेऊन येत होते, तर फोरमन पार्किंगमध्ये पाण्याच्या पंपाचा बोर्ड उघडून बसले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही रोज दीड तास यांना काय सांगता?"

"मी? मी काय सांगन? थेच बोलते. मी ऐकतो."

"हे बोलतात?"

"लय बोलते."

"कशाबद्दल?"

"आता कशाबद्दल म्हनजे. तुमच्याच गोष्टी. तुम्ही म्हने कोनाच्या लग्नात पत्रिकेतल्या इंग्रजीच्या चुका लाल पेनानं काढल्या, अन् थे पत्रिका नवरदेवाच्या बापाच्या हाती देल्ली." ते हसले. "अशी मॅडम मले शिकवाले भेटली असती तं मी दहावी पास झालो असतो, म्हटलं."

मला राग आला. माझ्या गोष्टी, आणि त्या ऐकायला हा. "मग घरात का नाही बोलत? माझ्याशी बोलायला काय होतं त्यांना?"

"घरी ऐकू नाही येत न त्याहिले. कुकर, टीव्ही, पंखा. अन् चालत्या गाडीत तं काहीच नाही."

"ऐकू नाही येत म्हणजे?"

फोरमनने टेस्टर खिशात ठेवला. उठून उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झालेला मी ऐकला.

"मॅडम, डॉक्टरसाहेबाचा डावा कान गेला, तीन-चार वर्षं झाले. उजवा अर्धा हाये. दवाखाना काहून बंद केला मंग? माह्या कारखान्यात निम्मे लोक असेच होते, मी पहिल्या दिवशीच ओळखलं. माहा आवाज मोठा, अन् गाडी बंद, म्हनून थे माह्यासंगं बसते. तुम्हाले माहीत नोतं?"

मी म्हटलं, "नाही."

"कानाचा डॉक्टर, बायकोले कसं सांगन, म्हने. लाज वाटते म्हने. म्या म्हटलं, तिले कळलंच असन. संग राह्यनाऱ्या मानसाले कळतेच."

चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला मी बसत होते. तीन-चार वर्षं मी त्यांच्या गेलेल्या कानाशी बोलत होते.

"ती बॅटरीची गाडी..." मी म्हटलं.

"हो न. तिच्यात आवाज नाही. तुम्ही मांगून काही म्हटलं अन् थे हासले, आठवते? किती दिवसानं ऐकू आलं म्हने तिचं. म्हनून घेनार होते."

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायची माझी हिंमत नव्हती. "वही खोटी होती. तुम्हाला कळलं होतं?"

"मीटर तं मी रोजच पाहत होतो, संध्याकाळी बसलो का. गाडी यवतमाळले गेली नोती."

"मग पेट्रोल का म्हणालात?"

ते पंपाकडे बघत राहिले. "मानूस वहीत खोटं लिहितेच, मॅडम. कोठी लिहिते, थे पाहाचं. म्या पाह्यलं. मले वाटलं, कानाचं तुम्हाले माहीत हाये. माहीत असून तुम्ही शांत गाडी नाही म्हनून राहिल्या. म्हनजे तुम्हाले डॉक्टरसाहेबासंगं बोलाचंच नाही. राहते एखाद्या घरी तसं. म्या काहून मधी पडू?"

मी विचारलं, "यांना सांगितलंत? वहीचं?"

"नाही बाप्पा."

मी पिशवी उचलून वर गेले. आजोबा पेपर वाचत होते. त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि भाजी निवडायला घेतली. मला कळलं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. ज्याची त्यांना इतकी लाज वाटत होती ते मी ओढून बाहेर काढायचं नाही, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बँकेत जायला निघालो तेव्हा मी गाडीचं मागचं दार उघडलं आणि त्यांच्या बरोबर मागे, उजवीकडे बसले. पुढे वाकून त्यांच्या उजव्या कानाशी म्हटलं, "आधी औषधं घेऊ."

ते म्हणाले, "औषधं कालच आणली."

त्या डिसेंबरात तुम्ही दोघे आलात तेव्हा हसला होतात, आजी टॅक्सीत बसल्यासारखी का बसते म्हणून. शेठही हसले होते. काही दिवस इमारतीत अशी बातमी होती की डॉक्टर आणि मॅडमचं भांडण झालं आहे. मी कुणाला काही सांगितलं नाही. आजोबांनी मला कधी विचारलं नाही. सहा महिन्यांनी ते स्वतःच धंतोलीतल्या, आपल्या हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरकडे गेले आणि कानाला यंत्र लावून आले. घरात शिरल्यावर म्हणाले, "पंखा किती कुरकुरतो." मी म्हटलं, "बरेच दिवस झाले."

फोरमन त्याआधीच इमारत सोडून गेले होते. सायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, मुलगा येऊन बंगळुरूला घेऊन गेला. जाताना इमारतीतले सगळे खाली आले होते. आजोबा रुग्णवाहिकेच्या दारापाशी उभे होते आणि फोरमन आडवे पडून त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत होते. मी जरा मागे उभी होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. आजोबा दार लावून घेऊन बोलत. परवाचा फोन मुलाचा होता.

सई, आता तुझं उत्तर. तुझं ऑफिस जवळ आहे, घरी चार्जर बसवायला जागा आहे, लांबचा प्रवास तू विमानाने करतेस. इलेक्ट्रिक घे. तिकडच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेवढं धरून चाल. हे मी माझा तक्ता पाहून सांगते आहे.

ही पानं तुम्हाला पाठवण्याआधी मी आजोबांना वाचायला दिली. आमच्या घरात आता आणखी काही झाकून ठेवायचं नव्हतं. यवतमाळचं त्यांना माझ्या हातून कळावं, असं मला वाटलं. ते सावकाश वाचत होते. मी समोर बसून त्यांचा चेहरा बघत होते. यवतमाळपाशी आले तरी काही बदल झाला नाही. अमरावतीपाशीही नाही.

शेवटपर्यंत वाचून त्यांनी पानं जुळवली. "हे मला माहीत होतं," म्हणाले.

"काय?"

"वहीचं. आदल्या संध्याकाळी गाडीत वही चाळून फोरमनने सांगितलं. म्हणाला, मॅडमनं तीन फेऱ्या जास्त लिहिल्या, काय करू? मी म्हटलं, तिला एवढी नको असेल तर पेट्रोल सांग."

"मला तर ते म्हणाले, यांना सांगितलं नाही."

"मग काय सांगणार तुला?"

म्हणजे तो माणूस माझ्याशी खोटं बोलला होता, आणि तेही माझ्यासाठी. आणि बैठकीत त्या दिवशी वही वाचायचं जे काही चाललं होतं ते त्या दोघांचं आधीच ठरलेलं होतं. मी जिंकले असं समजून झोपले तेव्हा मला झोपू दिलं जात होतं.

"तुम्ही मला विचारलं का नाही?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू कारण सांगितलं असतंस," आजोबा म्हणाले. "ते मला ऐकू आलं नसतं तर?"

मी उठून चहा टाकला. यंत्र लावल्यापासून आजोबा माझं सगळं ऐकतात, कधी कधी नको तेही. फोरमनबद्दल मला काय वाटतं असं तुम्ही विचाराल, तर मला त्यांची आठवण येते, त्यांचे उपकार मी मानते, आणि माझ्या नवऱ्याचा कान गेला हे त्यांना माझ्याआधी कळलं याबद्दल मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही. गाडी पेट्रोलचीच आहे आणि चांगली चालते. माझा मत्सरही आहे.

तुमची,
आजी